नावेचं डावं पोट

इंदापूरहून परत येताना हायवेलगतच्या एका ढाब्यावर कुंडलिक जेवायला थांबला आणि हात धुवायला मागच्या बाजूला गेला, तिथं त्याला ती नाव दिसली. विटांच्या थरांवर पालथी घालून तिचं छप्पर केलं होतं आणि खाली कोंबड्या कोंडल्या होत्या. नळाचं पाणी वाहत राहिलं, मनगटावरचा साबणाचा फेस तसाच सुकायला लागला. नाव प्लायवूडची होती, घरी ठोकून केलेली, तुकड्याला तुकडा जोडत गेलेली. उजव्या बाजूनं सपाट आणि डाव्या बाजूनं पोट सुटलेली, एखादं जनावर एका कुशीवर निजून निजून वेडंवाकडं व्हावं तशी. रंग उडाला होता, पण कडेच्या खाचेत बोटभर निळा तुकडा तगून होता आणि तो निळा त्याच्या ओळखीचा होता. पिंपळीच्या घराच्या दारांना, खिडक्यांच्या गजांना, बैलगाडीच्या चाकांनासुद्धा एका वर्षी तोच रंग लागला होता, कारण बापानं मोठा डबा आणला होता आणि बाप कुठलीही गोष्ट उरू देत नसे. कुंडलिकच्या डाव्या कानातली शिट्टी वाढली. ती तशी कायमच वाजायची, बंद खोलीत जास्त, रस्त्यावर कमी. आता हायवेवरून ट्रकमागून ट्रक जात होते आणि तरी ती ट्रकांच्या वर ऐकू येत होती.

"काय शेठ, कोंबडी बघताय का? गावरान हाय," ढाब्याचा मालक लखन टॉवेल खांद्यावर टाकत आला.

"ही नाव विकणार का?"

"कंची नाव?" लखननं वळून पाहिलं आणि हसला. "ही व्हय? हिला नाव म्हननारं तुमीच पयलं. आमच्यात समदी गव्हाण म्हनत्यात. आज्यानं धरणाकडनं आणली हुती, म्हशी पानी प्यायच्या हिच्यात. खालनं गळाया लागली तवा पालथी घातली."

लखननं सांगितला तो भाव कुंडलिकनं मान्य केला. एरवी तो बिजागरीच्या डझनामागंही घासाघीस करायचा. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं मॉड्युलर किचनचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून मापं घ्यायचा, आणि त्यांच्या भिंती कशा काटकोनात नाहीत हे त्यांना ऐकवायचा. गिऱ्हाइकांना ते आवडत नसे, त्याला आवडत असे. घराचा मालक खाली मान घालून आपल्याच भिंतीकडं बघायला लागला की त्याला आत कुठंतरी निवल्यासारखं व्हायचं. त्या दुपारी लखनचा पोऱ्या कोंबड्या हुसकत होता, धूळ आणि पिसं उडत होती, आणि कुंडलिक नावेच्या त्या सुटलेल्या पोटावर हात ठेवून उभा होता. ही आपण बारामतीला नाही, पिंपळीला न्यायची, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. बापाच्या अंगणात, बापाच्या खुर्चीसमोर न्यायची, आणि त्यानं बिघडवलेली चीज त्याच्या डोळ्यांदेखत सरळ करून दाखवायची. घरी बायकोला, रेश्माला, फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबांना आवडंल का?" तो म्हणाला, "नाही आवडणार." तिनं फोन ठेवलाय हेसुद्धा त्याला उशिरा समजलं, कारण तो चुकून डाव्या कानाला लावला होता.

तो दहा वर्षांचा असताना बापानं ही नाव केली. रामहरी म्हणजे त्याचा बाप, पिंपळीतला ऊसवाला शेतकरी, हातात हत्यार धरलं की कुणाचं न ऐकणारा. पाटाच्या कामावर उरलेलं प्लाय त्यानं ठेकेदाराकडून मिळवलं होतं, काही तुकडे मोटरच्या खोक्याचे होते. सबंध पावसाळा तो गोठ्यात ठोकत बसला होता. कुणी जवळ गेलं की अंगावर यायचा. डांबर वितळवल्याचा वास घराला आणि भाकरीला लागला होता. मग एक दिवस ट्रॉलीत उसाचं वाढं अंथरून नाव वर चढवली आणि धरणाकडं निघाले. सगळा रस्ता कुंडलिक नावेत बसून गेला, रस्त्याच्या वर, हवेत, हातात पेरू. इतकं सुख त्याला पुन्हा कधी झालं का, हे त्याला आठवत नसे. काठावर खूप माणसं जमली होती. त्यांची गावं धरणात गेली होती, आणि ती पाण्याकडं उगाच बघत बसायची. बाप त्या घोळक्यात गेला, काहीतरी बोलाचाली झाली, कुंडलिक लांब दगडावर पेरू खात होता. मग बाप एकटाच नावेत बसलेला दिसला. दोन्ही हातांत वल्ही. वल्हवायला लागला आणि नाव उजवीकडं वळली. अजून जोर लावला तशी अजून वळली, आणि मग गरगर फिरायलाच लागली. माणसं हसायला लागली. कुंडलिकही हसला. सगळे हसत होते म्हणून, खरंच गंमत वाटत होती म्हणून, आणि ज्याच्याकडं बघून हसायची कुणाची छाती नव्हती तो कंबरभर पाण्यात उतरून आपलीच नाव दोरीनं ओढत होता म्हणूनही. बाप ओल्या धोतरानं वर आला, हसणाऱ्या सगळ्या माणसांच्या मधून सरळ चालत आला आणि त्यानं कुंडलिकच्या कानाखाली जाळ काढला. पेरू कुठं उडाला ते कळलं नाही. हसणारे पन्नास होते, मारायला सापडला एक. आठवडाभर कान वाहिला. पुढं बारामतीच्या डॉक्टरनं पडदा गेल्याचं सांगितलं तेव्हा बाप बाहेर बाकड्यावर बसून होता, आत आला नाही आणि घरी येईपर्यंत काय झालं म्हणून विचारलंही नाही. नाव तिथंच राहिली. लाजेनं विकली असणार, असं कुंडलिक धरून चालला होता.

तेव्हापासून तो माणसांना आपल्या उजवीकडं ठेवत आला. लग्नाच्या पंगतीत, मिस्त्रींबरोबर, बँकेत. रात्री उजव्या कुशीवर वळला की जग बंद होत असे. रेश्मा त्याच्या पाठीशी काहीबाही बोलत राहायची आणि तो त्या शिट्टीत एकटा पडून असायचा. ही सोय बापानं दिलेली आहे, असं त्याच्या मनात यायचं आणि त्याला आपलाच राग यायचा. दुकानाच्या उद्घाटनाला बाप आला होता. चकचकीत दारावरून त्यानं एक बोट फिरवलं आणि चार माणसांत म्हणाला, "भुसा दाबून केल्यालं लाकूड. पानी लागलं की फुगंल." एवढंच. पेढासुद्धा खिशात घालून नेला.

पिकअपमधून नाव अंगणात उतरवली तेव्हा बाप ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. ऐंशीच्या आसपासचा, वाळलेला, पण पाठीचा कणा अजून ताठ. त्यानं नावेकडं पाहिलं. कुंडलिक त्याच्या तोंडाकडं बघत होता. ह्या क्षणासाठी तो इंदापूर ते पिंपळी सगळा रस्ता मनातल्या मनात जागा झाडून बसला होता.

"हे मढं कशाला आणलंस?" बाप म्हणाला.

"दुरुस्त करायला."

"कुनी सांगितलं हुतं?"

"कुणी नाही. ज्यानं केली त्याला जमली नाही, म्हटलं बघावं आपल्याला जमती का."

बाप उठला, खुर्ची उचलली, उसाच्या बाजूला तोंड करून ठेवली आणि नावेकडं पाठ करून बसला. कुंडलिकला वाटलं तितका आनंद झाला नाही, पण थोडा झाला.

मग दर सुट्टीला तो पिंपळीला यायला लागला. नाव सुलटी करून दोन ठोकळ्यांवर ठेवली. कोंबड्यांची घाण खरवडली, डांबराचे पोपडे पटाशीनं काढले. जुन्या डांबराचा वास उन्हात वर आला तरी तो नाक जवळ नेऊन काम करायचा. जवळून बघितल्यावर एक गोष्ट त्याला खटकत राहिली. वाईट काम नव्हतं. खिळे ओळीत होते, प्रत्येक खिळ्याचं डोकं आत बसवून वर मेण भरलं होतं. आतल्या फासळ्या बाभळीच्या होत्या, वाफेवर वाकवलेल्या, एकही तडकलेली नव्हती. असं काम करणाऱ्याला डावी बाजू उजवीसारखी करता येऊ नये? त्यानं हा विचार बाजूला सारला. बापाच्या हाताचं कौतुक आपल्या मनात यावं हेच त्याला सहन होत नव्हतं. त्यानं टेप लावला, उजव्या बाजूची मापं घेतली, पुठ्ठा कापून फर्मा केला, उलटा करून डाव्या बाजूला धरला. फर्मा आणि नाव यांच्यात वीतभर पोट बाहेर राहिलं. त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली. रेघ मारताना त्याला गिऱ्हाइकांच्या भिंती आठवल्या.

डाव्या फासळ्या काढायला सुरुवात केली त्या सकाळी पाठमोरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाप काठी टेकत अंगणात आला आणि नावेपासून चार हातांवर थांबला.

"डावीकडं हात लावू नगंस."

"का?"

"नगं म्हनलं ना."

"तुमाला कळत असतं तर गरगर फिरली असती का?"

बापाचे ओठ हलले. काठीचं टोक मातीत थोडं रुतलं. कुंडलिक वाट बघत होता. शिवी येईल, काठी उगारली जाईल, आणि मग आपणही चाळीस वर्षांचं एकदम बोलून टाकू. पण बाप वळला आणि परत जाऊन बसला. तेव्हा कुंडलिकनं पटाशी फासळीखाली घातली आणि हातोडा मारला. गरजेपेक्षा जोरात मारला. एकेक फासळी कुरकुरत सुटली. दुपारपर्यंत डावी बाजू उघडी पडली. जुनं प्लाय आणि बाभळीच्या त्या वाकवलेल्या फासळ्या त्यानं गोळा केल्या आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातल्या. बाभूळ वाळलेली, छान पेटली. त्या पाण्यानं त्यानं स्वतः अंघोळ केली.

नवी बाजू दोन सुट्ट्यांत उभी राहिली. चांगलं वॉटरप्रूफ प्लाय, राउटर मशीननं कापलेल्या फासळ्या, वरून फायबरची जाळी आणि रेझिन. आता समोरून बघितलं की नाव नाकासारखी सरळ दिसायची. अंगणातून जाणारे-येणारे थांबून बघायचे. बाप बघत नव्हता. शेवटचं काम म्हणून कुंडलिक वल्ही अडकवायची कडी बसवायला लागला. उजव्या कडेला जुनं लोखंडी कडं होतंच, गंजलेलं, पण पक्कं. डावीकडंही तसंच असणार असं धरून त्यानं जुनी वरची पट्टी शोधली. ती तेवढी त्यानं जाळली नव्हती. पट्टी सबंध चाचपली, उलटी-सुलटी केली. तिला कडं नव्हतं, कड्याचं भोकही नव्हतं. एके ठिकाणी फक्त दोर घासल्याचा माग होता, जणू ऐनवेळी काहीतरी बांधलं होतं.

आई, शकुबाई, ओट्यावर मेथी निवडत बसली होती. या दोघांच्या मधे बोलणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. दोघांना भाकरी देई, दोघांचं ऐकून घेई.

"आई, नावेला एकच कडं कसं गं? आबा दुसरं बसवायला इसरले का काय?"

शकुबाईनं मेथीची काडी मोडली. "ते कशाला इसरत्यात? एका हाताच्या मानसाला दोन वल्ही कशाला लागत्यात?"

"कुठला एका हाताचा माणूस?"

"म्हस्कू. तुला आठवत न्हाय व्हय? तुला खांद्यावं घिऊन पाटावं जायचा की."

म्हस्कू त्याला आठवत होता. धरणात गाव गेलेला, त्यांच्याकडं सालानं राहिलेला, उंच, काळा माणूस. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा डावा हात गेला तेव्हा कुंडलिक शाळेत होता. घरी आला तेव्हा गोठ्यापुढची माती उकरून नवी टाकली होती आणि आई चुलीपुढं रडत होती. दारू पिऊन यंत्राजवळ गेला, असं बापानं सांगितलं होतं. गावानंही तेच सांगितलं. म्हस्कू पुन्हा आला नाही.

"दारू बिरू काय पिला न्हवता त्यो," शकुबाई खालच्या आवाजात म्हणाली. "लाईट गेलती. पट्टा निसटला हुता, त्यो बसवत हुता. लाईट आली, आन ह्यांनी न बघता बटन दाबलं. मी तितंच हुते, पान्याची घागर घिऊन." तिनं निवडलेली मेथी एका बाजूला केली. "मग ही नाव. त्याची माणसं मासं धरायची धरणात. एका हातानं त्याला वल्हवता यावी म्हून अशी केली. एका अंगाला वल्हं मारलं की नाव भलतीकडं वळती ना, म्हून पोट ठेवलं तिला, ती वळू नये म्हून. हिरीत फळी टाकून बसायचे, डावा हात कमरंला बांधून. मला वाटायचं, येड लागलंय ह्यांना."

"मग त्यानं घेतली का नाही?"

"थुकला त्यो तिच्यात. समद्यांम्होरं. मग हे बसले नावंत, कुनाचं तरी दुसरं वल्हं घिऊन, दोरीनं बांधून. एका हातानं कसं वल्हवनार? त्याच्याम्होरं? चिडवल्यागत झालं असतं."

कुंडलिक ओट्यावर बसून राहिला. अंगणात ती सरळ नाव उन्हात चकाकत होती आणि रेझिनचा वास येत होता. नाव दोन वल्ह्यांनी गरगर फिरणारच होती. ती बिघडलेली कधीच नव्हती. बिघडवली ती आपण, फर्मा लावून, काटकोनात, आणि उरलेलं बंबात घातलं. त्याला वाटलं होतं की असं काही कळलं तर राग उतरेल. राग उतरला नाही. त्याला बसायची जागा तेवढी राहिली नाही. तो अंगभर फिरत राहिला, बापाकडून आईकडं, आईकडून स्वतःकडं. चाळीस वर्षं या बाईनं तोंडातून हे काढलं नाही. आणि त्यानं तरी कधी विचारलं होतं?

तो बापापुढं जाऊन उभा राहिला. ऊस आणि बाप यांच्या मधे.

"मला सांगितलं का नाही तुमी?"

"सांगितलं की. डावीकडं हात लावू नगंस म्हनलं."

"का ते नाही सांगितलं."

"तू कवा का म्हून इचारलंस, सरळ तोंडानं?"

"बटन तुमी दाबलं होतं."

बापानं डोळे उसाकडंच ठेवले. मधे कुंडलिक उभा होता तरी त्याच्या आरपार बघितल्यासारखे. "व्हय. मीच दाबलं. मग? फाशी द्यायला आलाईस?"

"सगळी माणसं हसत होती त्या दिवशी. मलाच का मारलं?"

आता बापानं त्याच्याकडं बघितलं. बुबुळांवर पांढरं कडं आलं होतं. "बाकीची माजी न्हवती," तो म्हणाला. "तूच माजा हुतास."

कुंडलिकला वाटलं, ही दुसरी थोबाडीत. माया म्हणावी तर तिला माराचा वास होता, आणि मार म्हणावा तर तो आता परत करता येणार नव्हता. तो गाडीत बसला आणि बारामतीला आला. त्या आठवड्यात त्यानं दुकानातल्या दोन पोरांना कारण नसताना झापलं, एका गिऱ्हाइकाची भिंत दोनदा मोजली आणि तिच्यात काहीच चूक नव्हती म्हणून चिडला. रात्री उजव्या कुशीवर वळल्यावरसुद्धा जग बंद झालं नाही. मातीत बसलेलं काठीचं टोक दिसत राही, आणि हललेले ओठ. त्या वेळी आपण अजून थोडं थांबलो असतो तर? पण मग वाटे, थांबायचं नेहमी आपणच का?

पुढच्या सुट्टीला नाव उचलून कुठंतरी विकून टाकायची म्हणून तो पिकअप घेऊन पिंपळीला गेला. नाव गाडीत चढवून दोरी आवळतोय तोवर बाप धुतलेला सदरा घालून आला आणि केबिनमधे बसला.

"कुठं?"

"म्हस्कू हाय अजून. धरणाच्या काठाला, पल्याड. मला ठाव हाय."

"ती आता त्याच्या कामाची राहिली नाही."

"मला कळत न्हाय व्हय?" बाप म्हणाला. "चल."

इंदापूरपर्यंत बाप खिडकीतून बाहेरच्या उसाकडं बघत बसला. धरणाच्या काठावर पाणी उतरलं होतं आणि हिरवट गाळाचा आंबट वास येत होता. म्हस्कूची वस्ती पाण्याच्या पलीकडच्या कडेला होती. सडकेनं जाता आलं असतं, पण बापानं काठीनं नावेकडं खूण केली. पाण्यातूनच न्यायची. काठावरच्या एका मासेमाऱ्याकडून कुंडलिकनं दोन वल्ही मागून घेतली, डावं दोरीनं बांधलं. ढकलली तशी ती सरसर आत गेली. दोघांना एकाच फळीवर शेजारी-शेजारी बसावं लागलं. उजवं वल्हं बापाकडं, डावं कुंडलिककडं. बापाचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. इतक्या जवळ ते कधी बसले असतील हे त्याला आठवेना. बापाचा दम पुरत नव्हता, नाव त्याच्या बाजूला कलत वळायची, आणि कुंडलिकला हात आवरून धरावा लागायचा. "तू उगं जोर करू नगंस," बाप म्हणाला. "तुमीच जोर लावा," कुंडलिक म्हणाला. एकमेकांच्या वल्ह्यांवर चिडत, थांबत, पुन्हा मारत त्यांनी ते पाणी ओलांडलं.

पलीकडं पत्र्याच्या घरापुढं एक म्हातारा जाळं विणत बसला होता. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं होतं, दुसरं दातांत, आणि उजवा हात सुई चालवत होता. सदऱ्याची डावी बाही दुमडून खांद्याला टाचली होती. नाव गाळात टेकली तरी तो उठला नाही. त्यानं दातांतून जाळं सोडलं, आधी नावेकडं पाहिलं, मग बापाकडं.

"रामहरी," तो म्हणाला. पूर्वी तो मालक म्हणायचा. "सरळ कुनी केली हिला?"

"मी," कुंडलिक म्हणाला.

"डाव्या अंगाला पोट हुतं हिला. त्या दिशी लांबनं बघूनच मला कळलं हुतं, कुनासाठी हाय ते. माजा जलम पान्यावं गेला. मला कळनार न्हाय व्हय?"

"मग थुकलास का?" बापाचा आवाज फाटला.

"तू तोंड उघडलं न्हाईस म्हून. नाव पुढं केलीस." म्हस्कूनं सुई जाळ्यात खोवली. "एका हातानं वल्हवून दाखवली असतीस तर बसलो असतो मी."

"तुला चिडवल्यागत झालं असतं. समद्या गावाम्होरं."

"हात माजा गेलता. चिडवल्यागत झालं का न्हाय ते मी ठरवलं असतं."

नावेखाली पाणी चुबकत होतं. बाप एक पाय गाळात, एक नावेत असा अडकल्यासारखा उभा होता. मग तो म्हणाला, "बटन मी दाबलं हुतं."

म्हस्कू हसला. हसण्यात काहीच गोड नव्हतं. "हे मला सांगतूस? मी तितंच हुतो की. दारू पिला हुता म्हून गावभर मला केलंस. गावात जाऊन सांग. पिंपळीत. सांगून झालं की ये, पानी पाजीन." आणि त्यानं जाळ्याचं टोक पुन्हा दातांत धरलं. आता त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

परत येताना बाप वल्हं जवळजवळ मारतच नव्हता. पाण्याच्या मधोमध त्यानं विचारलं, "त्या टायमाची पिंपळीत कोन कोन ऱ्हायल्यात?"

"सावळाराम आहे."

"आडवा पडलाय का बसतूय?"

"बसतूय. संध्याकाळी पारावर असतो."

"मला घिऊन चल तितं."

"स्वतः जावा," कुंडलिक म्हणाला. "काठी हाय की."

लखनला फोन करून नाव परत न्यायला सांगितली आणि ती त्याच्या माणसांसाठी काठावर सोडून ते पिंपळीला आले. ऊन उतरल्यावर बाप खरोखरच एकटा निघाला. कुंडलिक बारामतीला जायला गाडी काढत होता, पण पाराजवळ आल्यावर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बाप पारासमोर काठी टेकून उभा होता. सावळाराम आणि अजून दोघं वर बसले होते. बापाचं तोंड हलत होतं. काय बोलतोय ते बंद काचेतून कळत नव्हतं. मग एक जण पायात चप्पल सरकवून निघून गेला. दुसऱ्यानं कपाळाला हात लावला. सावळाराम काहीतरी म्हणाला, हात झटकून, जा आता, आता काय त्याचं, असं काहीतरी. बाप हलला नाही. वाटेनं दुधाची किटली घेऊन एक जाणता माणूस येत होता. बापानं काठी आडवी धरून त्याला थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

कुंडलिकनं इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.